बाटली आपली, टेबल त्यांचे: रेस्टॉरंटमध्ये स्वतःची वाईन नेताना

अ‍ॅमस्टेलव्हीन : काही वर्षांपूर्वी माझे आईवडील नाशिकहून आमच्याकडे आले, तेव्हा बाबांनी टॉवेलमध्ये गुंडाळून एक बाटली आणली होती. दिंडोरी तालुक्यातील एका नातलगाच्या मळ्यातली द्राक्षे ज्या वायनरीकडे जातात, तिथली ती लाल वाईन. आईच्या सत्तराव्या वाढदिवशी ती उघडायची, असा त्यांचा बेत होता. मी जुन्या गावठाणातल्या, म्हणजे आउडं डॉर्पमधल्या, एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये टेबल राखून ठेवले. बाटलीविषयी मात्र एक शब्दही आधी विचारला नाही. ‘एवढ्याशा गोष्टीला काय विचारायचे’ असे मला वाटले होते.

बाबांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवताच मालकीणबाई आल्या. अत्यंत सौम्य स्वरात, पण ठामपणे, त्यांनी सांगितले की येथे बाहेरची वाईन चालत नाही. त्या उद्धट नव्हत्या. चूक माझी होती. पण बाबांना इंग्रजीतले ते वाक्य समजायला भाषांतराची गरज पडली नाही. त्यांनी बाटली पुन्हा टॉवेलमध्ये गुंडाळली आणि संपूर्ण जेवणभर ती दोन पायांच्या मध्ये धरून बसले. घरी परतताना ट्रॅममध्ये ते एवढेच म्हणाले, “घरची शिदोरी हॉटेलात सोडू नये म्हणतात, ते उगाच नाही.”

त्या संध्याकाळनंतर मी या विषयाची रीतसर माहिती करून घेतली. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न वारंवार येतो. कधी भारतातून आणलेल्या बाटलीमुळे, कधी फ्रान्स किंवा इटलीच्या सहलीत घेतलेल्या वाईनमुळे, तर कधी पन्नास माणसांच्या समारंभामुळे. रेस्टॉरंटमध्ये स्वतःची वाईन नेता येते का, त्यासाठी किती पैसे द्यावे लागतात आणि ते मागताना-देताना कसे वागावे, याचा हा आढावा.

कॉर्केज म्हणजे नेमके काय?

आपण बाहेरून आणलेली बाटली उघडून, वाढून देण्यासाठी रेस्टॉरंट जे शुल्क आकारते त्याला इंग्रजीत ‘कॉर्केज’ म्हणतात. डच भाषेतला शब्द आहे ‘कुर्कनखेल्ट’. ‘कुर्क’ म्हणजे बूच आणि ‘खेल्ट’ म्हणजे पैसे. शब्दशः ‘बुचाचे पैसे’. नाव बुचाचे असले तरी शुल्क बूच काढण्याच्या श्रमाचे नसते. नाशिकच्या कित्येक वाईनना आता बुचाऐवजी फिरकीचे झाकण असते, म्हणून शुल्क माफ होत नाही. पैसे असतात ते स्वच्छ काचेच्या पेल्यांचे, त्यांच्या धुलाईचे आणि फुटतुटीचे, बर्फाच्या बादलीचे, वाढणाऱ्याच्या वेळेचे आणि मुख्य म्हणजे त्या टेबलावर न विकल्या गेलेल्या बाटलीचे.

हा शेवटचा मुद्दा एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, रेस्टॉरंटने एक बाटली ७ युरोंना विकत घेतली आणि यादीत तिची किंमत ३० युरो ठेवली. नेदरलँड्समध्ये मद्यावर २१ टक्के मूल्यवर्धित कर आहे. तो वजा केला की ३० युरोंपैकी सुमारे २४.८० युरो मालकाच्या हाती उरतात. त्यातून खरेदीचे ७ युरो गेले की जवळपास १८ युरो राहतात. या १८ युरोंतून भाडे, पगार, वीज आणि इतर सर्व खर्च भागवायचा असतो. रेस्टॉरंटच्या व्यवसायात स्वयंपाकघर बहुधा कष्टाचे आणि कमी नफ्याचे असते. तराजू सावरला जातो तो पेयांवर. आपण स्वतःची बाटली नेतो तेव्हा हे १८ युरो नाहीसे होतात. म्हणून कोणी २० युरो मागितले, तर ती लूट नसून जवळजवळ भरपाई असते. शिवाय त्या २० युरोंतूनही सरकारचा कर जातोच.

याच हिशेबाची दुसरी बाजू ग्राहकाने पाहावी. आल्बर्ट हाइनमधून ६ युरोंची बाटली घेऊन तिच्यावर २० युरो शुल्क भरले, तर २६ युरो झाले. तेवढ्याच पैशांत रेस्टॉरंटची साधी वाईन मिळाली असती आणि कोणाचा रोषही ओढवला नसता. उलट, ३५ युरोंना घेतलेली आणि यादीत ८० युरोंना मिळू शकेल अशा दर्जाची बाटली नेली, तर शुल्कासह ती ५५ युरोंना पडते. थोडक्यात, कॉर्केज ही स्वस्तात पिण्याची युक्ती नाही. विशेष बाटलीसाठी दिलेली ती सवलत आहे. ज्या बाटलीला आठवण आहे, वय आहे किंवा जी त्या गावात मिळतच नाही, तिच्यासाठीच ती मागावी.

नेदरलँड्समधील स्थिती

येथे स्वतःची वाईन नेण्याचा ग्राहकाला कोणताही हक्क नाही. परवानाधारक रेस्टॉरंट ते मान्य करू शकते, नाकारू शकते आणि शुल्कही स्वतः ठरवू शकते. अ‍ॅमस्टेलव्हीन आणि परिसरात मी चौकशी केली तेव्हा मला सांगितले गेलेले आकडे बाटलीमागे १५ ते ४० युरोंच्या दरम्यान होते. काहींनी साफ नकार दिला. तळघर मोठे आणि वाईनचा जाणकार वाढपी, म्हणजे सोमेलिए, नेमलेला असेल, तिथे शुल्क जास्त किंवा नकार ठाम असण्याची शक्यता अधिक. ते समजण्यासारखे आहे. ज्याने वर्षानुवर्षे खपून यादी तयार केली, त्याला पाहुण्याने बाहेरची बाटली पुढे करणे म्हणजे सुगरणीच्या घरी डबा घेऊन जाण्यासारखे आहे.

कायद्याची एक बाजू मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावी. १ जुलै २०२१ पासून येथे ‘अल्कोहोलवेट’ हा कायदा लागू आहे. रेस्टॉरंटचा मद्यपरवाना महापौर देतात. ज्या खानावळीकडे हा परवाना नाही, तिने ग्राहकांना स्वतःचे मद्यही तिथे पिऊ देणे कायद्याला मान्य नाही. त्यामुळे ‘त्यांच्याकडे बिअर मिळत नाही, मग आपणच घेऊन जाऊ’ हा युक्तिवाद येथे चालत नाही. छोट्या, परवाना नसलेल्या भारतीय उपाहारगृहात ओळखीच्या मालकाला गळ घालणे म्हणजे त्याच्या धंद्याशी खेळणे होय.

वयाचा नियमही तितकाच कडक आहे. १ जानेवारी २०१४ पासून मद्यपानाचे किमान वय १८ आहे आणि ते वाईन-बिअरलाही लागू आहे. नव्या कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी अठरा वर्षांखालील व्यक्तीला मद्य देणाऱ्या प्रौढावरही कारवाई होऊ शकते. वाढदिवसाच्या टेबलावर सतरा वर्षांच्या मुलीला ‘एक घोट घे’ म्हणणे आपल्याला लाडाचे वाटते. मालकाला मात्र त्यात परवान्याचा धोका दिसतो. बाटली आपली असली तरी परवाना त्याचा आहे.

परतीच्या प्रवासाचेही भान हवे. वाहन चालवताना रक्तातील मद्याची मर्यादा ०.५ प्रोमिल आहे, परवाना नव्याने मिळालेल्यांना पहिली पाच वर्षे ०.२. सायकलस्वारालाही ०.५ ची मर्यादा लागू होते, हे अनेकांना ठाऊक नसते. स्टाड्सहार्टजवळून पंचवीस क्रमांकाची ट्रॅम मिळते. त्या रात्री तीच बरी.

एक देश, एक रीत

आपले वाचक अनेक देशांत विखुरलेले आहेत आणि एका देशातली सवय दुसऱ्या देशात अंगाशी येते. न्यू जर्सीत मद्यपरवान्यांची संख्या लोकसंख्येच्या प्रमाणात मर्यादित असल्याने ते फार महाग पडतात. परिणामी तिथली असंख्य रेस्टॉरंटे परवान्याविना चालतात आणि ग्राहक राजरोसपणे वाईन किंवा बिअर घेऊन जातात. कडक मद्य मात्र नेता येत नाही आणि परवाना नसलेल्या रेस्टॉरंटला त्यासाठी शुल्कही घेता येत नाही. एडिसनहून अ‍ॅमस्टेलव्हीनला बदली होऊन आलेल्या कुटुंबांचा गोंधळ होतो तो यामुळेच. शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील फिलाडेल्फियातही ही प्रथा रुजलेली आहे. मॉन्ट्रियलमध्ये ‘आपली वाईन आणा’ अशी पाटी लावलेली रेस्टॉरंटे आहेत. मेलबर्नमध्ये कॉर्केज कधी बाटलीमागे, तर कधी माणशी आकारले जाते. म्हणून तिथे आधी ‘कशावर?’ हे विचारावे. लंडनमधल्या काही दक्षिण आशियाई खानावळी मद्य विकत नाहीत, पण पाहुण्यांना आणू देतात.

महाराष्ट्रात चित्र निराळे आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवाना नसलेल्या जागी मद्यपानाची सोय करणारा मालक आणि तिथे पिणारा ग्राहक, दोघेही दोषी ठरू शकतात. परवाना असलेल्या मोठ्या हॉटेलांत कॉर्केज घेऊन बाटली उघडून मिळते, पण तिथेही आधी विचारणे आवश्यकच असते. आपली पिढी मुळात ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे’ या पाटीखाली वाढलेली आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही ३ जानेवारी २०२३ रोजी चित्रपटगृहांच्या बाबतीत हेच तत्त्व मान्य केले: जागा खासगी मालकीची असल्याने बाहेरचे खाणे येऊ द्यायचे की नाही, हे मालक ठरवू शकतो. रेस्टॉरंटमधील वाईनच्या शिष्टाचाराचा पायाही हाच आहे. आपण तिथे मागत असतो तो हक्क नव्हे, मुभा.

शिष्टाचाराची वही

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम : टेबल राखून ठेवतानाच विचारा. दारात उभे राहून विचारले की नकार देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांचीही अडचण होते. डचमध्ये विचारायचे असेल तर एवढे पुरे : “माख इक ऐखन वैन मेनेमन?”, म्हणजे ‘स्वतःची वाईन आणू का?’. होकार आला की शुल्क किती, बाटलीमागे की माणशी, आणि किती बाटल्यांपर्यंत, हे विचारून घ्यावे. दीड लिटरची मोठी बाटली सर्वसाधारणपणे दोन बाटल्यांच्या बरोबरीची धरली जाते. उत्तर ई-मेलने मागवले तर बिलाच्या वेळी वाद उरत नाही.

दुसरा नियम : रेस्टॉरंटच्या यादीत असलेली वाईन कधीही नेऊ नये. यादी बहुधा संकेतस्थळावर असते. ती आधी पाहावी. त्यांच्याकडे ४० युरोंना असलेली बाटली आपण दुकानातून १२ युरोंना आणून त्यांच्याच टेबलावर मांडणे हा अपमान आहे.

तिसरा : रेस्टॉरंटकडूनही काही घ्यावे. दोन जोडपी असतील तर एक बाटली आपली आणि एक त्यांची, हे प्रमाण शोभते. तेवढे प्यायचे नसेल तर जेवणापूर्वीचे पेय, पाणी, शेवटी कॉफी आणि गोड पदार्थ मागवावेत. काही ठिकाणी एक बाटली विकत घेतली तर दुसरीवरचे शुल्क माफ करतात. तसे त्यांनी स्वतःहून सांगितले तर आभार मानावेत. आपण घासाघीस करू नये.

चौथा : बाटली स्वतः उघडू नये, स्वतः वाढू नये. आल्याबरोबर ती वाढप्याच्या हाती द्यावी. पांढरी वाईन घरूनच थंड करून न्यावी. जुनी लाल वाईन तळाशी गाळ असल्यास आदल्या दिवशी उभी ठेवावी आणि जाताना हलवू नये. जमल्यास दुपारीच नेऊन द्यावी. प्लॅस्टिकच्या पिशवीतून खणखणत्या बाटल्या काढण्यापेक्षा एक साधी कापडी पिशवी बरी दिसते.

पाचवा : पहिला घोट देऊ करावा. ज्याने बाटली उघडली त्याला, किंवा मालकाला, “आपणही चव घेऊन पाहा” असे म्हणावे. ते बहुधा थोडीशीच घेतील, कदाचित नाकारतील. पण या एका वाक्याने व्यवहाराचे आदरातिथ्य होते. आपल्याकडे पाहुण्याने आणलेला खाऊ आधी यजमानापुढे ठेवतात, तीच ही रीत.

सहावा : टीप देताना हात आखडू नये. नेदरलँड्समध्ये टीप सक्तीची नाही. सेवा आवडल्यास ५ ते १० टक्के पुष्कळ झाले. पण बिलात वाईन नसल्याने रक्कम कमी दिसते, तेव्हा वाईन तिथेच घेतली असती तर बिल किती झाले असते, त्या अंदाजाने टीप द्यावी. वाढणाऱ्याचे श्रम तेवढेच असतात.

सातवा : ही मुभा वाईनपुरती आहे. विमानतळावरून आणलेली व्हिस्की पिशवीत ठेवून टेबलाखालून पेल्यात ओतण्याचा प्रकार आपल्या काही मंडळींत अजूनही गमतीचा मानला जातो. तो गमतीचा नाही. पकडला गेला तर लाज आपली आणि जबाबदारी मालकाची. पुढच्या वेळी भारतीय नावाने टेबल मागणाऱ्या कुटुंबाकडे तो कोणत्या नजरेने पाहील, याचाही विचार व्हावा.

समारंभ आणि सभागृह

बारसे, मुंज किंवा लग्नाचा पंचविसावा वाढदिवस अशा प्रसंगी हिशेब बदलतो. चाळीस माणसांसाठी दहा बाटल्या लागल्या आणि बाटलीमागे २० युरो म्हटले, की २०० युरो केवळ शुल्काचे होतात. अशा वेळी बाटल्यांची मोजदाद न करता एकरकमी शुल्क ठरवता येईल का, हे विचारावे. न उघडलेल्या बाटल्या परत मिळतील आणि त्यांवर शुल्क लागणार नाही, हे लेखी घ्यावे. बाहेरचा केक आणल्यास कापून वाढण्याचे माणशी पैसे घेणारी ठिकाणेही आहेत. तेही आधीच विचारावे.

क्रीडासंघांची उपाहारगृहे किंवा वस्तीतील समाजकेंद्रे स्वस्त पडतात म्हणून अनेक जण ती निवडतात. मात्र त्यांचा मद्यपरवाना बहुधा ना-नफा संस्थेचा असतो आणि तिथल्या खासगी समारंभांवर नगरपालिकेच्या नियमांनी बंधने असतात. केवळ ‘सभागृह रिकामे आहे’ एवढ्यावर विसंबून आमंत्रणे पाठवू नयेत. मद्य चालेल का, कोणाचे चालेल आणि कोणी वाढायचे, ही तीनही उत्तरे व्यवस्थापनाकडून घ्यावीत.

नाशिकहून येताना

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला ४ लिटरपर्यंत साधी, म्हणजे न फसफसणारी, वाईन करमुक्त आणता येते. ७५० मिलीलिटरच्या पाच बाटल्या म्हणजे पावणेचार लिटर. तेव्हा पाच चालतात, सहावी नाही. बाटल्या चेक-इन सामानातच ठेवाव्या लागतात. कपड्यांत नीट गुंडाळून सुटकेसच्या मध्यभागी ठेवाव्यात आणि प्रवासानंतर काही दिवस थंड, अंधाऱ्या जागी विसावू द्याव्यात. उलट दिशेने, भारतात नेताना ही मर्यादा मद्य आणि वाईन मिळून २ लिटर आहे.

नाशिकची वाईन युरोपात नेऊन कोणावर छाप पाडायची, असा संकोच काहींना वाटतो. त्याचे कारण नाही. ज्या रेस्टॉरंटच्या यादीत फ्रान्स, इटली, स्पेन सर्व काही आहे, तिथे भारतातली बाटली बहुधा नसते. कॉर्केजची प्रथा जिच्यासाठी आहे, ती बाटली हीच.

पुन्हा एकदा, विचारून

आईबाबा परत जाण्याच्या आदल्या आठवड्यात मी दुसऱ्या एका रेस्टॉरंटला फोन केला. वडिलांनी नाशिकहून वाईन आणली आहे, आईचा सत्तरावा वाढदिवस होऊन गेला आहे, आणूया का, असे सरळ विचारले. पलीकडचा मालक क्षणभर थांबला आणि म्हणाला, “वीस युरो. आणि मला चव घ्यायला मिळाली पाहिजे.”

त्या संध्याकाळी त्याने बाटली दोन्ही हातांत धरून लेबल वाचले, गाव नकाशावर कुठे आहे ते विचारले आणि पहिला पेला आईपुढे ठेवला. आईने नेहमीप्रमाणे ओठांना लावून खाली ठेवला. बाबांनी मालकाला थोडी वाईन देऊ केली. त्याने ती घेतली, सावकाश चाखली आणि द्राक्षे कोणी लावली, असे विचारले. बाबा मराठीत उत्तर देऊ लागले, मी भाषांतर करू लागले. पाऊस, छाटणी, गारपीट, सगळे. बिलात ‘कुर्कनखेल्ट २०’ अशी ओळ होती. बाबांनी ती बोटाने दाखवून अर्थ विचारला. मी सांगितला.

“बुचाचे पैसे?” ते म्हणाले. “पण झाकण तर फिरकीचे होते.” आणि त्यांनी खिशातून पाकीट काढले.